घासलेला चिंचोका

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, देवालासुद्धा नाही — देवापुढे हात जोडले की दुसरंच काहीतरी बोलून परत यायचो. जिला सांगायला पाहिजे होतं ती पौषात गेली. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. तेच बरं आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाईट आहे. आणि मला एका जागी बसून लिहवत नाही. चार ओळी झाल्या की उठतो, आमच्या बुऱ्हाणपुरातल्या शनवारा दरवाज्यापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा बसतो. घरात मी आणि माझी मुलगी सोनी, दोघंच. सोनी आता तीस वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. मी उठलो-बसलो ते तिला जमिनीच्या हादऱ्यावरून कळतं. आज ती चार वेळा बघून गेली — म्हातारा एवढ्या येरझाऱ्या का घालतो म्हणून.

कुठून सांगू? कामापासून सांगतो. ते सोपं आहे.

मी सरकारी फारमवर होतो. कपाशीच्या बियांचं फारम. मोठा साहेब गोरा, त्याच्या हाताखाली नागपूरकडचे एक देशी असिस्टंट, त्यांना आम्ही छोटेसाहेब म्हणायचो, आणि त्यांच्या हाताखाली मी, सुपडू मुकादम. आमचं काम ऐकून लोक हसायचे. उद्या सकाळी उमलणार असं जे बोंड — बोंड नाही, कळी — तिचं तोंड आदल्या संध्याकाळी सुतानं बांधायचं. म्हणजे दुसऱ्या झाडाची पराग-धूळ आत जायला नको. ज्याचं बी त्याचंच राहिलं पाहिजे. शेकडो कळ्या, प्रत्येकीला वीतभर सूत. बाजारात कोणी भेटलं की विचारायचं, काय सुपडूभाऊ, आज किती फुलांची तोंडं बांधली?

फारमनं शेतकऱ्यांना पिवळ्या फुलाच्या कपाशीचं बी दिलं होतं. पहिल्या वर्षी सगळं शेत पिवळं. लोक खूश. त्याच शेताचं बी दुसऱ्या वर्षी पेरलं, तर मधेमधे पांढरी फुलं. झालं! फारमनं भेसळ दिली, मुकादमानं पोती बदलली, वाटेल ते बोलू लागले. एका गावात माझ्या बैलगाडीच्या चाकाची खीळ काढून घेतली आणि म्हणाले, जा आता चालत. तेव्हा छोटेसाहेबांनी मला समजावलं आणि म्हणाले, हे तू लोकांना सांग, मी सांगितलं तर त्यांना ती सरकारी भाषा वाटते.

त्यांनी कागदावर चौकोन काढून समजावलं होतं. चौकोनांनी कोण समजतो? मला स्वतःला दोन दिवस लागले. मग मी माझं काढलं. दोन गाडगी घेतली आणि चिंचोके घेतले. चिंचोका वरून तपकिरी असतो, दगडावर घासला की आतून पांढरा निघतो. अर्धे घासले, अर्धे तसेच ठेवले, आणि दोन्ही गाडग्यांत मिसळून टाकले. मग पारावर बसायचं. हे गाडगं बाप, हे गाडगं आई. कोणालातरी उठवायचं, डोळे मिटून ह्यातला एक चिंचोका घे, त्यातला एक घे. दोन झाले? हे एक झाड. तपकिरी म्हणजे पिवळं फूल, घासलेला म्हणजे पांढरं. दोन्ही तपकिरी, फूल पिवळं. एक तपकिरी एक पांढरा, तरी फूल पिवळंच. कारण पांढरा आहे, पण तो तोंड मिटून बसतो. दिसत नाही, मरतही नाही. पुढच्या पिढीत बापाकडून एक पांढरा आला आणि आईकडूनही पांढराच आला, की मग तो उघड होतो. चारात साधारण एकदा. म्हणजे तुमच्या शेतात पांढरं फूल आलं ते कोणी रात्री येऊन टाकलं नाही. ते आधीपासून होतं. आजोबात होतं, बापात लपलं, नातवात निघालं.

लोक खेळ खेळल्यासारखे खेळायचे. पैजा लावायचे. बायका लांबून बघायच्या आणि माझं बोलणं संपलं की कोणी एक म्हातारी चिंचोके भाजायला मागायची. पण समजायचं त्यांना. मला अभिमान होता. चौथी शिकलेला माणूस मी, आणि मोठ्या साहेबानं विलायतेच्या पुस्तकातून आणलेलं मी पारावर गाडग्यातून काढून दाखवत होतो. मी इतका पक्का झालो होतो की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं — दोष ना बियाचा, ना विकणाऱ्याचा, ना पेरणाऱ्याचा. दोन्हीकडून आलं पाहिजे.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता कौतिकाचं सांगतो. कौतिका माझी बायको. नदीपलीकडे जैनाबादची. लग्न झालं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती आणि माझ्यापेक्षा चांगली हिशेबी होती. सोनी तिच्या पोटात होती, सहावा महिना, तेव्हा सूर्यग्रहण आलं. भर दुपारचं. पहिली मोठी लढाई चालली होती ते दिवस. ग्रहणात पोटुशीनं काय करायचं नाही ते तुम्हाला माहीत असेल — चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, नुसतं बसायचं. माझ्या आईनं तिला आतल्या खोलीत पाटावर बसवलं, विळी वर माळ्यावर टाकली आणि स्वतः तापीवर आंघोळीला गेली.

फारमला ग्रहणाची सुट्टी नव्हती. मजूर मात्र सगळे नदीवर गेलेले. संध्याकाळी कळ्या बांधायच्या, आणि सूत कापून ठेवलेलं नाही. मी घरी आलो. सुताचं रीळ आणि कात्री तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, ग्रहण आहे. मी म्हणालो, सरकारी काम आहे. तिनं कात्री उचलली. वीत मोजायची, कापायची. मी समोर उभा होतो. बाहेर उजेड कसा राखेसारखा झाला होता. तिचे हात दिसत होते. तिनं अडीचशे तुकडे कापले आणि मी ते घेऊन गेलो.

सोनी झाली. गोरी, गुटगुटीत. वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. आईला संशय होता, आम्ही म्हणायचो, होईल. मग एक दिवस आमच्या दारावरून वरात गेली. ताशे, पिपाण्या, सगळ्या गल्लीतली पोरं रडायला लागली, आणि सोनी माझ्या मांडीवर झोपलेली. पापणीसुद्धा हलली नाही. आईनं तिच्याकडे बघितलं, मग कौतिकाकडे बघितलं आणि विचारलं, ग्रहणात काय कापलं होतंस?

कौतिका म्हणाली, सूत.

का, ते आईनं विचारलं नाही. कोणी कापायला लावलं, ते कौतिकानं सांगितलं नाही. मी तिथेच होतो. मांडीवर पोर होती माझ्या.

आई म्हणाली, सुतासोबत पोरीची वाचा कापलीस.

त्या दिवसापासून माझ्या बायकोनं हातात पातं धरलं नाही. विळी नाही, कात्री नाही, सुई-दोऱ्यातला दोरासुद्धा दातानं तोडायची. कोणी सांगितलं नव्हतं. तिनंच ठरवलं. भेंडी हातानं मोडायची, वांगं दगडावर ठेवून चेपायची, मेथी खुडायची, गिलक्याचे बोटांनी तुकडे करायची. भोपळा आणला तर शेजारी चिरायला द्यायची. सगळ्या शनवाऱ्यात माहीत होतं. बायका हसून म्हणायच्या, कौतिकाबाईच्या भाजीत बोटांचे ठसे असतात. मी ती भाजी तीस वर्षं खाल्ली.

तुम्ही म्हणाल, समजलं. मीच कापायला लावलं आणि गप्प राहिलो, हाच माझा गुन्हा.

नाही. तो आहेच. पण तो मी अर्धामुर्धा एकदा बहिणीजवळ बोललो होतो, ती म्हणाली, जाऊ दे दादा, पुरुषांना काय कळतं ग्रहणातलं. तो नाही. ह्याच्या खाली आणखी एक आहे. — उठून आलो. दरवाज्यापर्यंत जाऊन आलो. लिहितो.

आमचं मूळ गाव जसोंडी. बाप कामासाठी बुऱ्हाणपुरात आला, पण मी लहानपणी बराच काळ जसोंडीला काकांकडे होतो. तिथे माझी आत्या होती, बापाची धाकटी बहीण. भागी तिचं नाव, पण त्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं. हाक मारून उपयोग काय? ती मुकी होती. जन्माची. माझी आजी सांगायची, पाळण्यात होती तेव्हा पाळण्यापाशी तांब्या पडला तरी दचकली नाही. तिचं लग्न झालं नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत असायची. पाहुणे आले की तिला मागे पाठवायचे. ती मला हुरडा भाजून द्यायची आणि मी खाताना माझ्या गळ्याला बोट लावून बघायची, गिळतो कसा ते. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा ती गेली. माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, जैनाबादवाल्यांपुढे मुकीचं नाव काढायचं नाही. मी काढलं नाही. नंतरही काढलं नाही. कौतिकाला माहीत नव्हतं की अशी कोणी होती.

आता तो चिंचोका आठवा.

मी पारावर बसून दहा गावांना समजावत होतो, आजोबात होतं, बापात लपलं, नातवात निघालं. आणि घरी माझी बायको वांगी चेपत होती. हे दोन मला एकमेकांशी जोडता आले नाहीत? सुरुवातीला खरंच नाही आले. माणूस म्हणजे कपाशी आहे का? मी असंच म्हणायचो मनात. पण एकदा ते आत शिरलं की निघेना. घास घेताना, कळी बांधताना. शेवटी मी छोटेसाहेबांना विचारलं. सरळ नाही विचारलं. म्हणालो, साहेब, आमच्या गावात एक जण आहे, त्याची आत्या जन्माची मुकी आणि आता त्याची पोर तशीच. हे कपाशीसारखं असतं का?

छोटेसाहेब झाडं मोजत होते. थांबले.

“असू शकतं. सगळंच मुकेपण तसं नसतं, पण घरात आधी एक असेल आणि पोर जन्मापासून तशी असेल, तर मी तसंच समजेन.”

“मग आई-बाप तर चांगले बोलतात.”

“तूच तर सांगतोस ना पारावर? दोन्हीकडून लपलेलं आलं असेल. बापाच्या घराचं ठाऊक आहे, आईच्या घराचं ठाऊक नाही, एवढंच.”

“लोक म्हणतात बाईनं ग्रहणात कापलं.”

ते हसले नाहीत. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, “कपाशीला ग्रहण लागतं का रे सुपडू? पोटात पोर राहिली त्या दिवशीच चिंचोके पडून गेले. नंतर कात्री काय करणार? त्या माणसाला जाऊन सांग. बाई बिचारी उगाच जळत असेल.”

त्या माणसाला जाऊन सांग.

मी हो म्हणालो. संध्याकाळी घरी आलो. कौतिका सोनीची वेणी घालत होती. मी पाय धुतले, जेवलो. नाही सांगितलं. का? सांगायचं तर मुकीचं नाव काढावं लागणार. म्हणजे आमच्या घराचं निघणार. आणि तेव्हा माझ्या बहिणीचं, मथीचं, लग्न ठरत होतं. रावेरकडचं चांगलं घर. त्यांना कळलं की ह्यांच्याकडे मुकं निपजतं, तर? मी म्हणालो, मथीचं होऊ दे, मग सांगतो. हे कारण आहे, मला माहीत आहे कारण कशाला म्हणतात ते. लिहितो फक्त, झालं ते तसं झालं म्हणून.

त्याच दिवसांत छोटेसाहेबांनी मला जसोंडीला पाठवलं. त्यांना काय माहीत ते माझं गाव. सोनी तेव्हा सात वर्षांची. कौतिका म्हणाली, मीही येते, काकूला भेटेन. मी नको म्हणू शकलो नाही. गाडीतून गेलो तिघं.

पारावर गर्दी झाली. आपल्या गावचा पोरगा सरकारी झाला म्हणून म्हातारेकोतारे आलेले. बायका पलीकडे कट्ट्याजवळ, त्यांत कौतिका, तिच्या मांडीशी सोनी. मी गाडगी मांडली, चिंचोके काढले, रंगात आलो. गर्दीतून एकाला उठवलं, त्याला दोन्ही पांढरे लागले, लोक ओरडले. मी म्हणालो, बघा, आई-बाप दोघंही पिवळे, आणि पोर पांढरं. ह्यात आईचं चुकलं का? बापाचं चुकलं का? कोणाचंच नाही. ते आधीपासून होतं.

आणि झिपरू आबा बोलले. आमच्या काकांचे सोबती, ऐंशीच्या घरातले, तंबाखू मळत बसले होते.

“मंग सुपडू, हे तुझ्या आत्यासारखंच झालं की. भागी मुकी होती आन् तुझी पोरही मुकी. ते चिंचोके तुमच्याच गाडग्यातले म्हणायचे का?”

वाईट मनानं नाही बोलले. खरंच समजलं होतं त्यांना. त्या सगळ्या गावांत, इतक्या वर्षांत, माझं बोलणं एवढं बरोबर दुसऱ्या कोणालाच समजलं नसेल. शाळेत मास्तर असतो तर पाठ थोपटली असती. मी काय केलं?

मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हणालो, आबा, कपाशीचं बोला, माणसं काय बोंडात पिकतात? लोकही हसले. कोणीतरी म्हणालं, आबाची तंबाखू चढली. आबा पुन्हा तंबाखू मळू लागले. मी पुढचे चिंचोके काढले. माझा हात गाडग्यात होता आणि तो बाहेर निघेना, असं मला वाटलं. बायकांकडे मी बघितलं नाही.

परतताना सोनी गाडीत झोपली. उन्हं कलली होती, केळीच्या बागांना पाणी सोडलं होतं, वाटेत चिखल. मी बैल हाकत होतो, कौतिका मागे.  मग म्हणाली,

“अहो, तुम्हाला आत्या होती?”

“होती. मी लहान असतानाच गेली.”

“आबा म्हणाले मुकी होती.”

“हं.”

“जन्माची होती का?”

बस, एवढंच. सबंध आयुष्यात तिनं मला विचारलेला हा एकच प्रश्न. बाकी सगळं तिनं न विचारता केलं — सूत कापलं, वांगी चेपली, आईचे बोल ऐकले. हे मात्र विचारलं. आणि कशी विचारत होती? मी मान वळवून बघितलं. तिनं सोनीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या कानावर हात ठेवला होता, जणू पोर ऐकेल आणि उठेल. तिच्या तोंडावर — मी हे तेवीस वर्षं विसरायला बघतोय — तिच्या तोंडावर आशा होती. पारावर मी काय समजावलं ते तिला समजलं होतं. माझ्यापेक्षा हिशेबी बाई ती. तिनं दोन आणि दोन मांडले होते, फक्त चार म्हणायला माझं तोंड पाहिजे होतं. एक शब्द. हो.

मी म्हणालो, “नाही. चार वर्षांची असताना गोवर आला होता, त्यात वाचा गेली. आधी चांगली बोलायची.”

ती म्हणाली, “अस्सं.”

मग तिनं सोनीच्या कानावरचा हात काढला आणि पदर नीट केला. घरी आल्यावर स्वयंपाकाला बसली. त्या दिवशी दोडकी होती. दोडक्याच्या शिरा ती नखांनी काढायची.

हाच तो गुन्हा. दुसरा कुठला नाही.

मथीचं लग्न झालं. तिला चार पोरं झाली, चारी धडधाकट. मग तरी सांगायचं होतं. काय अडत होतं? मग मी म्हणालो, आई म्हातारी आहे, आईसमोर कसं. आई गेली. मग म्हणालो, आता एवढ्या वर्षांनी काय सांगायचं, तिची जखम भरली असेल. भरली होती का? दर ग्रहणाला ती पहाटे तापीवर जायची आणि ग्रहण सुटेपर्यंत ओल्या लुगड्यात घाटावर बसायची. सोनीला सोबत न्यायची नाही. मी एकदा शोधायला गेलो होतो. ती पायरीवर बसली होती, हात मांडीवर उताणे ठेवून, जणू कोणीतरी येऊन त्यांच्याकडे बघणार आहे. मी लांबून बघून परत आलो.

आणि फारमवर मी समजावतच होतो. लोकांना माझं कौतुक. पेन्शनीत निघालो तेव्हा मोठ्या साहेबानं, तोवर दुसरा आला होता, मला शाल दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला की ह्या माणसानं ह्या भागातलं अज्ञान दूर केलं. दुभाष्यानं मराठीत सांगितलं. कौतिका बायकांत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या. जोरजोरानं.

पौषात तिला ताप आला. आठ दिवस. शेवटचे दोन दिवस शुद्ध येत-जात होती. मी उशाशी बसलो होतो. आता तरी? आता तर ना मथीचं लग्न, ना आई, ना कोणी. मी तोंड उघडलं सुद्धा. म्हणालो, कौतिका. तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सोनीला पोरकी करू नका.” मी म्हणालो, नाही करत. आणि मग पाणी पाजलं. जे सांगायचं ते तसंच राहिलं. भीती कशाची होती तेव्हा? लोकांची नव्हती. तिचीच होती. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मला जाताना तशीच हवी होती. लबाडीनं मिळवलेली, पण हवी होती.

ती गेली.

आता शेवटचं. हे तीन आठवड्यांपूर्वीचं आहे.

मथीनं गाडीवानाबरोबर भोपळा पाठवला होता. मी सोनीला खुणेनं म्हणालो, शेजारी दे. मग वाटलं, कशाला? आता कशाला शेजारी? मी स्टुलावर चढलो आणि माळ्यावरून विळी काढली. गंज चढलेली. धुतली, खाली बसलो, भोपळा हातात घेतला. सोनी आतून आली आणि तिनं विळी बघितली. धावत येऊन माझ्या हातातून भोपळा घेतला, विळी उचलून भिंतीशी लांब ठेवली. मी खुणेनं विचारलं, काय झालं?

तेव्हा ती माझ्यापुढे बसली आणि तिनं मला सांगितलं.

एका हाताची मूठ धरली, दुसऱ्या हाताचा पंजा हळूहळू तिच्यावर सरकवला, मूठ झाकून टाकली. वर बोट दाखवलं. ग्रहण. मग आईच्या रिकाम्या पाटाकडे बोट केलं. मग दोन बोटांची कात्री. कच, कच, कच. मग स्वतःच्या पोटावर हात, मग कानावर. मग जिभेवर बोट ठेवून ते काढून घेतलं.

म्हणजे कौतिकानं तिला सांगितलं होतं. शब्द नसलेल्या पोरीला, हातानं, सगळं. कधी सांगितलं असेल? किती वेळा? मी घरात होतो की फारमवर होतो, लोकांना शहाणं करत? आणि मी कात्री पुढे ठेवली होती ते त्यात नव्हतं. सोनीच्या हातांत कुठेच मी नव्हतो. तिच्या गोष्टीत खोलीत एकटी आई होती.

पुढे सोनीनं आईसारखे दोन्ही कान धरले, आईनं माफी मागताना तिच्यापुढे धरले असतील तसे. मग स्वतःच्याच हातानं ते कान सोडवले आणि हात खाली घेतले. मान हलवली — नाही, नाही. आईला तिनं असं सोडवलं होतं. तीस वर्षांच्या माझ्या पोरीनं आपल्या आईला, तिनं जे केलंच नव्हतं त्याची, माफी देऊन टाकली होती, आणि मला ते आता कळत होतं, भोपळा पुढ्यात असताना.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. हनुवटी वर करून. ती तिची विचारायची खूण आहे. खरं का?

मला खुणा येतात. सगळ्या येतात. मुठीवरचा पंजा उचलून फेकता आला असता. कात्री मोडून दाखवता आली असती. स्वतःच्या छातीवर बोट ठेवता आलं असतं, दोन चिंचोके आणता आले असते, घरात आहेत, गाडगीही आहेत. बहिरी आहे, बुद्धीनं कमी नाही, एका दिवसात समजली असती. दहा गावांना समजलं ते हिला समजलं नसतं का?

सोनी वाट बघत होती.

मी मान हलवली. हो.

तिनं भोपळा उचलला आणि शेजारी चिरायला घेऊन गेली.